साडूचा बोर्ड

मारोतराव लांजेवार माणूस वाईट नव्हते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कोणाचाही उलटा समज व्हायचा. नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात दोन खोल्यांमध्ये त्यांचा संसार होता, बायको सुभद्रा आणि दोन पोरी. टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून लागले तेव्हा मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं, आणि आता कानांवरचे केस पिकायला लागले तरी खांबावरच चढत होते. एकदा खांबावरून घसरताना उजवा गुडघा असा मुरगळला की तेव्हापासून थंडीत आधी तो कुरकुरायचा आणि मग मारोतराव. दारू नाही, पत्ते नाहीत, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. खोड एकच. दुसऱ्याचं बरं झालेलं त्यांना पचत नसे. समोरच्या घरी नवी बादली आली तरी यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

पण हा जळफळाट आधी सगळ्या गल्लीत थोडा थोडा वाटलेला होता. त्याचा कोणाला फारसा त्रास नव्हता. साडू जवळ राहायला आला आणि तो सगळा एका ठिकाणी गोळा झाला.

साडू म्हणजे रुपराव. सुभद्रेची धाकटी बहीण वच्छला, तिचा नवरा. दोघी बहिणी कन्हानच्या. रुपराव आधी भंडाऱ्याकडे लाईनमन होते, ते बदली करून नागपुरात आले. शहरातल्या भूमिगत तारा कोणत्या खांबावर कशा निघतात हे त्यांना मारोतरावांनीच हिंडवून दाखवलं. रुपराव ते चारचौघांत सांगायचेही. "भाऊ नसते तं मी अजून रस्ते शोधत राहिलो असतो," असं म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. मारोतरावांना त्यातही खोट दिसायची. एवढा गोड बोलतो म्हणजे नक्कीच काहीतरी साधायचं असणार, असं त्यांचं मत होतं. पुढे रुपरावांनी शहराबाहेर हुडकेश्वरला स्वस्तातला प्लॉट घेऊन कौलारू खोली बांधली. तिथे तेव्हा शेतंच होती. मारोतराव घर बघून आले आणि म्हणाले, "कोल्हे ओरडतात थ्या जागी." मग रात्रभर कूस बदलत राहिले, कारण घर कसंही असलं तरी ते स्वतःचं होतं आणि मारोतराव भाड्याच्या खोलीत होते.

अशात खात्यात मेकॅनिकच्या परीक्षेचं पत्रक लागलं. पास होणाऱ्याला खांब सुटणार होता. एक्स्चेंजच्या आत, पंख्याखाली, स्टुलावर बसून काम. मारोतराव ही परीक्षा आधी देऊन चुकले होते आणि नापास होऊन चुकले होते. मोठ्या बाबूंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "लांजेवार, वयाच्या हिशेबानं ही तुमची शेवटची. यात नाही निघाले तर रिटायर होईपर्यंत शिडी." मारोतरावांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

लेखी पेपराचं भय नव्हतं, तो घोकून निघायचा. घोडं अडायचं प्रॅक्टिकलला. परीक्षक एका बोर्डावर आधीच काहीतरी बिघडवून ठेवायचे. कुठे तार सोडवलेली, कुठे अदलाबदल केलेली. खात्यात त्याला सगळे फॉल्टच म्हणत. घड्याळ लावून तो फॉल्ट शोधायचा. आणि लाईनमनने जन्मभर बाहेरच्या तारा ओढलेल्या. एक्स्चेंजच्या आतल्या यंत्राला हात लावायची त्याला मुभाच नव्हती. पोहायला शिकल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही, असा तो प्रकार होता.

मारोतराव साहेबांच्या नावाने बोटं मोडत बसले. रुपराव बसले नाहीत. त्यांनी घरातच एक्स्चेंज उभं केलं.

ही बातमी सुभद्रेने आणली. रविवारी बहिणीकडे जाऊन आली आणि चुलीपुढे बसता बसता म्हणाली, "वच्छलेच्या घरी तं मोठं टेलिफोन ऑफिस झालं वं माय. इकडे चकरी फिरवली का तिकडे घंटी वाजते."

"कोणं सांगतलं?"

"सांगतलं कायले, मी सोता फिरवली ना."

मारोतरावांनी ताट सरकवलं. पोटात दुखतं म्हणाले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ड्यूटीची सायकल सक्करदऱ्याच्या पुढे नेली आणि हुडकेश्वर गाठलं. रुपराव घरी नव्हते. ते घरी नसणार हे बघूनच मारोतराव गेले होते. साडूच्या समोर उभं राहून त्याची वस्तू निरखायची म्हणजे त्याच्या डोक्याला शिंगं फुटणार. वच्छलेने हसून या भाऊजी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेली.

भिंतीला टेकून तो बोर्ड उभा होता. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून केलेला. दोन्ही टोकांना दोन जुने टेलिफोन, एकाची कड तडकलेली, तिला दोऱ्याने आवळलं होतं. मधे रिले, म्हणजे विजेने खेचले जाणारे ते छोटे खटके, आणि त्यांच्याखाली तारा अडकवायच्या पितळी खुंट्यांच्या रांगा. सगळा माल लिलावात निघालेला, इतवारीच्या भंगारवाल्याकडे वजनावर मिळणारा. सेलसुद्धा टाकून दिलेले, उन्हात तापवून थोडा जीव आणलेले. एवढ्या कवडीमोल सामानाचं एवढं देखणं काम बघून मारोतरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. हे आपल्याला काहून सुचलं नाही? इतवारी तर आपल्या दारापासून हाकेच्या अंतरावर. हा हुडकेश्वरचा माणूस येऊन आपल्या नाकाखालून माल घेऊन गेला!

बोर्ड बांधायचा ठरला तो त्याच क्षणी. पण रुपरावांना विचारायचं नाही. एक अक्षर विचारायचं नाही.

मग मारोतरावांनी नक्कल करायला सुरुवात केली. लाईनमनला तारांच्या रंगांचा क्रम पाठ असतो, पोरांना पाढे असतात तसा. कागद काढला असता तर वच्छलेला दिसलं असतं, म्हणून ते नुसते बघायचे. एका खेपेत एक रांग डोळ्यांत भरून घ्यायची, चहा प्यायचा, आणि रंग पुटपुटत सायकल हाणायची. निळी खाली, नारिंगी वर, हिरवी पलीकडे. रस्त्यात कोणी रामराम केला तरी उत्तर द्यायचे नाहीत, रांग विसरेल म्हणून. घरी पोचले की चपलेसकट बोर्डापाशी. पुढच्या रांगेसाठी पुन्हा काहीतरी निमित्त काढायचं. कधी सुभद्रेने दिलेलं लोणचं पोचवायला, कधी लाईन बघायला आलो होतो म्हणून. दर वेळी रुपराव कामावरून यायच्या आधी हजर आणि ते यायच्या आत पसार. वच्छलेला वाटायचं, भाऊजींची माया वाढली.

"पहा ना पहा," ती म्हणायची. "हे आले का तुमाले नीट समजावून सांगतीन."

"छे छे. मी आपला सहज पाहून राहिलो."

आपला बोर्ड रुपरावांसारखा पेटीच्या फळ्यांचा असणं मारोतरावांना मंजूर नव्हतं. त्यांनी भिंतीतल्या कपाटाचं सागवानी दार बिजागऱ्यांसकट काढलं. सुभद्रा बघत राहिली. तिच्या दोन चांगल्या साड्या त्या कपाटात होत्या, त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून तिने जुन्या लुगड्याचा पडदा लावला. उलट एकदा तारा सोलताना जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मी काही धरू का?"

"तुले काय समजते त्याच्यातलं? तू आपलं सैपाकाचं पाह."

ती उठली आणि गेली.

बोर्ड तयार झाला. दिसायला असा झाला की रुपरावांचा बोर्ड त्याच्यापुढे भिकाऱ्यासारखा वाटावा. सागवानाला तेल चोळलेलं, खुंट्या चिंचेने घासून लखलखीत, तारा एकीला एक लागून विंचरल्यासारख्या. मारोतरावांनी सेल जोडले, छाती फुगवली आणि चकरी फिरवली.

घंटी वाजली नाही.

पुन्हा फिरवली. रिलेही हलला नाही. मग त्यांनी एकेक तार आठवणीतल्या रंगांशी ताडून पाहिली. एक तार चुकलेली नव्हती. जशी तिथे, तशी इथे. मग तिथे वाजते आणि इथे नाही, म्हणजे काय? मारोतरावांना उत्तर लगेच सापडलं. रुपरावांनी एखादी तार लपवली होती. फळीच्या मागून, कोणाला दिसणार नाही अशी. "चोर आहे सायाचा," ते सुभद्रेला म्हणाले. "वरून भाऊ भाऊ करते अन् आतून गळा कापते. मले मालूम होतं." उन्हाळा सरला, पाऊस लागला, पण ते सागवानी एक्स्चेंज भिंतीला मुकाट टेकून राहिलं. मारोतराव रोज संध्याकाळी त्याच्याशी झटायचे, घाम पुसायचे, आणि साडूला शिव्या घालून जेवायला बसायचे. परीक्षा दिवाळीनंतर होती. कधी कधी मधेच हात थांबायचा आणि मनात यायचं की आपण पुन्हा नापास होणार, आणि हा मेकॅनिक होऊन आपल्याच तक्रारी लिहून घेणार. तेव्हा त्यांना खरंच धडकी भरायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. महालातून, इतवारीतून पिवळी आणि काळी अशा दोन धिप्पाड मूर्ती वाजतगाजत जातात आणि गावोगावचे लोक बघायला लोटतात. महालात घर असलं की त्या दिवशी पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही. रुपराव आणि वच्छला सकाळीच येऊन धडकले. मारोतरावांनी घाईघाईने बोर्डावर चादर टाकली होती. पोरी मारबत बघायला नाक्यावर पळाल्या, ढोल जवळ येत होते, आणि रुपरावांनी भिंतीकडे बघून विचारलं, "भाऊ, हे काय उभं केलं गा?"

"काही नाही. कपाटाचं दार आहे."

दाराला टेलिफोन कशाला, असं म्हणत रुपरावांनी चादर बाजूला केली. आणि एकदम उभेच राहिले. "अरे बाप्पा! भाऊ, हे तं राजवाड्यात शोभन! वच्छले, पाह वं इकडे!"

रुपरावांच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता. तो बघून मारोतरावांचं डोकं आणखीच तापलं. आता गप्प बसणं त्यांना शक्य नव्हतं. "शोभन, पण वाजत नाही," ते म्हणाले. "काहून वाजत नाही ते तुमालेच मालूम. लपवलेली तार कुठं आहे ते तरी सांगून द्या आता. आपसातल्या माणसासंगं अशी बेइमानी?"

"कोणती तार?" रुपराव खरोखरच गोंधळले.

वच्छला वाकून खुंट्या बघत होती. बघता बघता तिने तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. मग तिला राहवेना.

"अवं ताई! हा तं माह्या हातचा फॉल्ट आहे! ही निळी-नारिंगी मी उलटी केली होती, भाऊजी लोणचं घेऊन आले होते त्या दिवशी. अन् ही हिरवी! हिच्यासाठी तं हे जेवले नव्हते. अन् हे पाह, हे पाह!" प्रत्येक रांगेवर बोट ठेवून ती हसत होती.

झालं होतं ते असं. रुपराव कामावर गेले की वच्छला दुपारी बोर्डाच्या दर रांगेत एकेक खोडी करून ठेवायची. रुपराव संध्याकाळी आले की हातपाय धुऊन त्या शोधायचे. तोच त्यांचा अभ्यास. फॉल्ट सापडला की चहा, नाही सापडला तर चहा नाही. आणि मारोतराव साडूची नजर चुकवायला म्हणून नेमके त्या मधल्या वेळात जायचे, फॉल्ट लावून झालेला असायचा आणि निघालेला नसायचा तेव्हा. दर खेपेला एक रांग, आणि दर रांगेत त्या दिवशीचा बिघाड. त्यांनी वच्छलेच्या सगळ्या खोड्या निवडून आणून सागवानावर जडवल्या होत्या.

रुपराव हसू दाबायचा प्रयत्न करत होते, पण तो काही जमत नव्हता. ते सगळं मारोतरावांनी सोसलं असतं. पण त्यांनी सुभद्रेकडे पाहिलं तर तीही हसत होती. डोळ्यांतलं पाणी पुसत, भिंतीला टेकून हसत होती. तिला असं हसताना त्यांनी किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

"भाऊ, मनावर घेऊ नोका," रुपराव म्हणाले. "दोन मिनटात सरळ करून देतो. अन् रविवारी हुडकेश्वरले येत जा ना. संगं बसू. वच्छला लावन, आपण दोघं काढू."

"हात लावू नोका," मारोतराव म्हणाले. "आमचं आम्ही पाहू."

पाहुणे जेवून गेले. मारबतही गेली, सगळी रोगराई आणि पीडा घेऊन, पण मारोतरावांची तिने काही नेली नाही.

तारा सरळ केल्यावर बोर्ड खणखणीत वाजला. पण आता नवीनच अडचण उभी राहिली. फॉल्ट लावणार कोण? मारोतरावांनी सकाळी स्वतःच एक तार सोडली आणि दिवसभर ती विसरायचा प्रयत्न केला. संध्याकाळी बोर्डासमोर बसले तर हात सरळ त्याच तारेवर गेला. डोळे मिटून सोडून बघितली, तरी बोटांना आठवायचं. आपणच लपवलेलं आपल्याला कसं हरवणार? यासाठी घरात दुसरं माणूस लागत होतं, आणि नेमकं तेच रुपरावांकडे होतं. मारोतरावांना आता बोर्डाचा मत्सर राहिला नाही. ते वच्छलेचा विचार करायला लागले. पेटीच्या फळ्यांपेक्षा सागवान भारी निघालं, पण त्याला खोडी काढणारी अशी बायको आणायची कुठून?

बायको शेजारीच तांदूळ निवडत बसली होती.

"वच्छला करते ना हे," एक दिवस ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "तं तुले का धाड भरली?"

विचारायची ही काय पद्धत झाली? पण सुभद्रा उठली. सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि बोर्डापुढे बसली. कोणती तार कुठून कुठे जाते ते तिने एकदा समजून घेतलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पहिले काही दिवस तिचे फॉल्ट साधे असायचे. मग ती रंगात आली. स्क्रू नुसता अर्धा ढिला करून ठेवायची, दिसायला घट्ट. रिलेच्या टोकांमध्ये स्वतःचा एक केस अडकवायची. एकदा तर कुंकवाच्या डबीतलं मेण बोटावर घेऊन तिने खटक्याच्या पितळेवर असं पुसट फिरवलं की सगळं जागच्या जागी असून घंटी बंद. मारोतराव त्या दिवशी घामाघूम झाले. सुभद्रा दारात अंबाडीची भाजी खुडत बसली होती आणि तिरक्या नजरेने बघत होती. ते चुकीच्या तारेकडे वळले की ती ओठ दाबायची. बरोबर ठिकाणी आले की खुडणं थांबायचं. आताशा दुपारी शेजारणींकडे जायचं तिने सोडलं होतं. आज काय करावं याचा विचार ती नळावर पाणी भरतानाही करायची आणि तिचं तिलाच हसू यायचं. पोरी म्हणायच्या, माय एकटीच हसते.

मेण सापडलं तेव्हा ती भाजी टाकून आली. "सापडलं?" डोळे लकाकत होते.

मारोतराव मेणाचं बोट कपड्याला पुसत म्हणाले, "वच्छलेनं असं लावलं असतं का?"

"मले काय मालूम."

"विचार ना तिले. रुपरावले किती वेळ लागते तेही विचार."

तेव्हापासून हेच सुरू झालं. फॉल्ट निघाला की वच्छला. नाही निघाला की वच्छला. वच्छलेचे सोपे असतात का, वच्छला रोज लावते का, एखादा खाडा करते का. एकदा फारच अडलं तेव्हा सुभद्रेने हळूच म्हटलं, "वरच्या अंगाला पाहा." मारोतराव भडकले. "वच्छला सांगते का त्याले असं? म्हणूनच तं तो हुशार होऊन राहिला अन् मी तसाच."

"रुपरावजी विचारते तिले," सुभद्रा म्हणाली. "हसून विचारते. मंग वच्छला सांगते."

हे मारोतरावांच्या कानापर्यंत पोचलं, आत गेलं नाही. सुभद्रा रोज फॉल्ट लावत राहिली, वेळच्या वेळी, न चुकता. फक्त आता लावून झाला की मोरीत जाऊन भांडी घासत बसायची. दारात बसायची नाही.

दिवाळी झाली, परीक्षा आली. दोघा साडूंची टेबलं समोरासमोर पडली. मारोतरावांनी आपल्या बोर्डाकडे आधी पाहिलंच नाही. रुपरावांचे हात कसे चालतात ते पाहिलं. मग भान आलं. परीक्षकाने खूण केली. आता मारोतरावांचा स्वभाव असा की कोणी दिलेल्या कोणत्याही वस्तूवर त्यांचा भरवसा नसायचा. समोर दिलेला सेल तरी धड आहे कशावरून? त्यांनी सेलच्या दोन तारा सरळ जिभेला लावल्या. जीभ झणझणली नाही. सेल मेलेला होता. तोच फॉल्ट होता. फार साधा, फार हलकट.

समोर रुपराव रिलेच्या फटीत डोळा घालून बसले होते. वच्छलेने त्यांना इतक्या नाना युक्त्यांची सवय लावली होती की सरकारी परीक्षक नुसता मेलेला सेल देईल असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. ते उलटी तार शोधत होते, ढिला स्क्रू शोधत होते. वेळ संपली तेव्हाही शोधतच होते.

निकाल लागला. मारोतराव पास झाले, रुपराव राहिले. रुपरावांचं वय अजून बसत होतं, त्यांना पुढच्या खेपेला बसता येणार होतं. पण ते पुढचं पुढे. त्या दिवशी मारोतरावांचे पाय जमिनीवर नव्हते. गुडघासुद्धा दुखला नाही. घरी येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर बोर्ड उचलून हातगाडीवर टाकला आणि इतवारीच्या भंगारवाल्याला देऊन आले. खांब सुटला, आता ही अडगळ हवी कोणाला? जे मिळालं त्याची संत्रा बर्फी घेतली आणि सायकल परभारे हुडकेश्वरकडे वळवली. सुभद्रेला निकाल सांगायचा राहूनच गेला. साडूचं तोंड बघायची घाई होती.

रस्ताभर मारोतराव मनात मांडे खात गेले. रुपराव खाटेवर उताणे पडलेले असतील. वच्छलेचे डोळे सुजलेले असतील. आपण खांद्यावर हात ठेवून म्हणू, होते असं, हिंमत सोडू नोका.

दार उघडंच होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता.

रुपराव बोर्डापुढे मांडी घालून बसले होते, सेलच्या तारा जिभेला लावून तोंड वाकडं करत होते. वच्छला पोट धरून हसत होती. "आधी जीभ! आधी जीभ!" ती ओरडत होती. "आता रोज आधी जीभ लावाची, मंगच चहा!" मारोतरावांना बघून रुपराव उठले आणि त्यांनी कडकडून मिठी मारली. "भाऊ, तुमी निघाले! मी वच्छलेले म्हणलं, भाऊ निघाले म्हणजे अर्धा मीच निघालो." बर्फीचा पहिला तुकडा त्यांनी मारोतरावांच्या तोंडात घातला. नापास झालेला माणूस असा वागतो का? मारोतरावांना बर्फी गोड लागली नाही. ते तिथे बसले, चहा घेतला, पुन्हा त्या दोघांकडे पाहिलं. दिवेलागण होत होती. वच्छला नवऱ्याला पाठ करून बसायला सांगत होती आणि पदराआड काहीतरी लपवून बोर्डाकडे सरकत होती. आपण बसलो आहोत हे दोघांच्या ध्यानात तरी होतं की नाही, कोण जाणे. मारोतरावांच्या छातीत कळ आली, आणि ती त्यांच्या ओळखीची होती. जन्मभराची ओळख होती. फक्त इतकी कधी आली नव्हती.

घरी आले तेव्हा सुभद्रा भिंतीजवळ उभी होती. बोर्ड टेकलेला असायचा तिथला चुना घासून गेला होता. ती त्या डागाकडे बघत होती.

"पास झालो," मारोतराव म्हणाले.

"सांगतलं गल्लीतल्यानं. चांगलं झालं."

"विकला बोर्ड."

"दिसलं."

ते खाटेवर बसले, उठले, परत बसले. नवीन काम सुरू झालं. पंखा होता, स्टूल होतं, लोक मेकॅनिकसाहेब म्हणायचे. संध्याकाळी घरी आलं की हातपाय धुवायचे आणि मग करायला काही नसायचं. सुभद्रा दारात बसायची नाही. मारोतराव भिंतीकडे बघत, आणि हुडकेश्वरला आता दिवा लागला असेल, तिने फॉल्ट लावला असेल, तो चुकत असेल आणि ती हसत असेल, हे सगळं त्यांना बसल्या जागी दिसायचं. घास कडू व्हायचा.

एका रविवारी न राहवून ते म्हणाले, "परत थोडं सामान आणतो म्हणतो इतवारीतून. तू लाव ना एखादा फॉल्ट. मी काढीन."

सुभद्रा आरशापुढे केस विंचरत होती. कपाटातली चांगली साडी नेसली होती.

"मी तं हुडकेश्वरले चालली," ती म्हणाली. "रुपरावजीले वच्छलेच्या खोड्या आता ओळखू येऊन राहिल्या, अभ्यास होत नाही म्हणते. मेणाचं सांगतलं मी तं दोघंही येडे झाले. दर रविवारी ये म्हणे ताई, तू लाव." बोलता बोलता तिला काहीतरी सुचलं आणि ती स्वतःशीच हसली.

"अन् मी?" मारोतराव म्हणाले. "मी काय करू?"

सुभद्रेने वळून त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नवल वाटल्यासारखं.

"तुमी तं पास झाले ना," ती म्हणाली, आणि चपला घालून निघाली.